जखमी रानजीव आणि आपली दया



रत्नागिरी हें शहर खरें, पण रान त्याच्या परसापर्यंत येऊन भिडलेलें आहे. माडावर घारीचें घरटें असतें, माळ्यावर उदमांजर व्यालेलें असतें, आणि कुत्र्याच्या मागावर आलेला बिबळ्या एखाद्या रात्रीं वाडीच्या विहिरींत पडतो. जखमी जीव पाहून मनांत दया उपजावी, हें मनुष्याचें भूषणच होय. परंतु दयेला माहितीची जोड नसेल, तर तीच त्या जिवावर कशी बेतते, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम बिबळ्याचेंच घेऊं. कोंकणांतील पुष्कळ जुन्या विहिरींना कठडा नसतो. बिबळ्याला पोहतां येतें, पण उभ्या भिंतीवरून वर येतां येत नाहीं. वन विभागाचे लोक त्याला टेकावयास दोरांनीं फळी किंवा बाज सोडतात आणि मग पिंजरा उतरवितात. या कामांतील मोठें विघ्न म्हणजे कांठावर जमलेली गर्दी. भीतीनें व झटापटीनें रानजनावराच्या स्नायूंना इजा होते, तिचें विष रक्तांत भिनतें, आणि वरून धडधाकट दिसणारें जनावर कांहीं तासांनीं वा दिवसांनीं प्राण सोडतें. म्हणून तेथून दूर होणें, हीच पहिली शुश्रूषा.

अंगणांत पडलेल्या पक्ष्याच्या चोचींत आपण मायेनें पाणी ओततों. तें श्वासनलिकेंत गेलें कीं पक्षी गुदमरतो. त्याला भोकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत, निवांत ठेवावें आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावें. पिसें फुटलेलें पिलूं जखमी नसेल, तर त्यास जवळच्या फांदीवर ठेवून आपण बाजूस व्हावें. आईबाप त्याला शोधीत येतात.

‘आम्हीच पाळूं’ असें पुष्कळांस वाटतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि त्यामागें कारणही आहे. जखम भरणें हें अर्धेंच काम. जनावराला स्वतःचें अन्न मिळवितां आलें पाहिजे आणि मनुष्याची भीति त्याच्या ठायीं शाबूत राहिली पाहिजे. पालघर जिल्ह्यांत डहाणूस जाळ्यांत जखमी झालेल्या समुद्रकासवांवर उपचार करतात, ते त्यांना पुन्हां समुद्रांत सोडण्याच्या हेतूनें. जीं परत जाऊं शकत नाहींत, त्यांच्या नशिबीं पिंजराच येतो. जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रांत असे बिबळे आहेत.

आणि प्रत्येक प्रयत्न सफल होतोच असें नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचें पिलूं लागलें. अनेकांनीं मिळून खटपट करून त्याला समुद्रांत नेलें. पण तें पुन्हां किनाऱ्यास आलें आणि मरण पावलें. आईच्या दुधावरील पिलाला नुसतें पाणी पुरत नाहीं, आई लागते. ती आणून देणें मनुष्याच्या हातीं नव्हतें.

जें आपल्या हातीं आहे, तें मात्र फार सोपें आहे. विहिरीला चिऱ्याचा कठडा बांधावा, फाटकें जाळें समुद्रांत टाकूं नये, आणि माड तोडण्यापूर्वीं वर घरटें आहे काय, तें एकदां मान वर करून पाहावें.