आडवं घर, तिरका आरसा

आता तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. घरातली कुठली गोष्ट आपण कधीच तपासून बघत नाही? गॅस बंद केला का, कडी लावली का, हे दहा वेळा बघू. पण भिंत उभी आहे ना, हे कोणी बघत नाही. ते आपण धरूनच चालतो. अर्जेंटिनाचे कलावंत लिआंद्रो एर्लिच यांचं काम नेमकं इथे सुरू होतं.

२०१३ मध्ये लंडनच्या डाल्स्टन भागात, बार्बिकन या कलाकेंद्रासाठी त्यांनी ‘डाल्स्टन हाउस’ हे मांडणशिल्प केलं. व्हिक्टोरियन धाटणीच्या घराचा दर्शनी भाग, दार-खिडक्यांसकट, पूर्ण आकारात बनवला आणि चक्क जमिनीवर आडवा निजवला. त्याच्यावर ४५ अंशांत कललेला मोठा आरसा. बस, एवढंच! लोक त्या भिंतीवर झोपायचे, बसायचे. आरशात मात्र कोणी खिडकीला लोंबकळतोय, कोणी भिंतीवर चढतोय.

हे होतं कसं? ४५ अंशांतला आरसा आडव्या गोष्टीचं प्रतिबिंब उभं करून दाखवतो. पुढचं काम आपला मेंदू करतो. खिडक्या दिसल्या की तो म्हणतो, ही भिंत. भिंत म्हणजे उभी. मग त्यावरचा माणूस पडणारच. गंमत अशी, की युक्ती लपवलेलीच नाही. सगळं डोळ्यांसमोर असतं, तरी पोटात गोळा येतो. म्हणजे कळलं, तरी दिसायचं ते दिसतंच.

कोणी म्हणेल, हे तर जत्रेतल्या आरशांसारखंच झालं. फरक आहे. जत्रेतला आरसा वाकडा असतो. इथला अगदी सपाट आहे. तो खोटं दाखवत नाही, गृहीत आपणच धरतो. आणि दुसरं, ती जागा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यापासून ती बहुतांशी रिकामी पडली होती. जिथे घराचा भरवसा खरोखर मोडला, तिथेच मुलं हसत हसत पडण्याचा खेळ खेळत होती. हे लक्षात आलं की त्या खेळाकडे नुसता खेळ म्हणून बघता येत नाही.

आज घरी गेल्यावर एक करून बघा. पलंगावर उताणं पडा आणि छत हीच जमीन आहे असं समजा. पंखा उगवून आलेला दिसेल, आणि शेजारच्या खोलीत जायला दारावरची भिंत ओलांडावी लागेल. खोली तीच, रोजचीच.