टाळू भरल्यानंतर

तान्ह्या बाळाच्या टाळूवर आजी कोमट तेल घालते, तेव्हा तिच्या बोटांखाली काहीतरी मऊ, उडतं असं लागतं. तिथली हाडं अजून जुळलेली नसतात. फटीवर फक्त कातडी आणि पडदे, त्यामुळे आतल्या नाडीचा ठोका थेट बोटाला कळतो. जुलाबांनी बाळाच्या अंगातलं पाणी आटलं की टाळू खोल जाते. उचलून घेतलेल्या, शांत बाळाची टाळू टम्म फुगलेली दिसली तर आतला दाब वाढलेला असू शकतो. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते आणि आत डोकावायची ही खिडकी कायमची बंद होते.

बंद कवटीत मेंदूभोवती तीन पडदे असतात. हाडाला चिकटलेली, चामड्यासारखी चिवट दृढतानिका. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी जालतानिका. आणि मेंदूच्या प्रत्येक वळीत शिरलेली, अगदी झिरझिरीत मृदुतानिका. जुने अरबी वैद्य बाहेरच्या पडद्याला ‘मेंदूची आई’ म्हणत. 12व्या शतकातल्या लॅटिन भाषांतरात ती ‘कठीण आई’ झाली. आपल्या परिभाषेत कठीणपणा उरला, आई गळाली.

आतल्या दोन पडद्यांच्या मध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळतो. डॉक्टर त्याला ‘सीएसएफ’ म्हणतात. ताकात लोण्याचा गोळा तरंगावा तसा मेंदू त्यात तरंगतो. सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू या द्रवात जेमतेम 50 ग्रॅमचा भरतो, म्हणून तो स्वतःच्याच वजनाने तळाशी दबत नाही. एका वेळी हा द्रव असतो सुमारे 150 मिलिलिटर, पण दिवसाला तयार होतो अर्धा लिटर. म्हणजे रोज तीन-चार वेळा पाणी बदललं जातं. मेंदूतल्या पोकळ्यांत तो पाझरतो आणि शेवटी रक्तात मिसळतो. वाट तुंबली की पोकळ्या फुगतात. त्यालाच आपण ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणतो. मग बारीक नळी, म्हणजे शंट, बसवून ते पाणी पोटात सोडतात.

एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 साली आणि जॉर्ज केली यांनी 1824 साली मांडलेला विचार आजही शस्त्रक्रियागृहात चालतो. कवटीची जागा ठरलेली आहे. ढोबळमानाने शंभरात ऐंशी भाग मेंदू, दहा रक्त, दहा द्रव. गाठ, सूज, रक्तस्राव असा चौथा पाहुणा आला, की आधीच्यांना सरकावं लागतं. आधी द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांतलं रक्त कवटीबाहेर जातं, आणि बराच काळ वरून काहीच कळत नाही. ही सोय संपली की मात्र चार-पाच चमचे रक्तही दाब झपाट्याने चढवतं.

म्हणूनच डोक्याचा मार फसवा. दुचाकीवरून पडलेला तरुण क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, चहा पितो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो. कानशिलाजवळचं पातळ हाड तडकून त्याखालची धमनी फुटलेली असते आणि रक्त हाड आणि दृढतानिका यांच्यामध्ये साचत जातं. काही तासांत तो पेंगू लागतो. एक बाहुली मोठी होते, नाडी मंदावते, रक्तदाब मात्र चढतो. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर असे रुग्ण बरे होऊन घरी जातात. म्हाताऱ्या माणसांत डोक्यात रक्त आठवड्यांच्या गतीने साचू शकतं. न्हाणीघरात घसरल्याचं सगळे विसरतात आणि महिन्याभराने चाल अडखळते, बोलणं असंबद्ध होतं. घरचे म्हणतात, वय झालं.

‘मणक्यातून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती घरोघरी आहे. जर्मनीत क्विंके यांनी 1891 साली रूढ केलेल्या या तपासणीत सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. मेंदूज्वराचं निदान त्या थेंबांवर होतं. ते नितळ आहेत की गढूळ, हे कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही कळतं. दाब वाढल्याची शंका असेल तर मात्र डॉक्टर आधी स्कॅन करतात, कारण खालून पाणी काढल्यास मेंदू खाली खेचला जाऊ शकतो.

सकाळी उठताच ठणकणारं डोकं, सोबत उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणं, खोकताना वाढणारी कळ, ही लक्षणं डोकेदुखीच्या गोळीवर ढकलू नका. डोक्याला मार लागलेल्या माणसाला पहिला दिवस एकटं सोडू नका. त्याला झोपू द्या, पण मधूनमधून उठवून नाव विचारा. उत्तर जड जिभेने आलं, तर पहाटेची वाट न पाहता दवाखाना गाठा.