त्रिकोण कुणाच्या मालकीचा?

डिसेंबर १९९६ मध्ये ‘डूम’ आणि ‘क्वेक’ या गाजलेल्या खेळांचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याने एक जाहीर टिपण लिहिलं आणि ग्राफिक्सच्या दुनियेत ठिणगी पडली. डायरेक्टथ्रीडी ही मायक्रोसॉफ्टची नवीकोरी ग्राफिक्स लायब्ररी वापरायला त्याने साफ नकार दिला होता. पुरावा म्हणून त्याने एकच त्रिकोण काढण्याचा कोड मांडला. तिची स्पर्धक असलेल्या ओपनजीएलमध्ये पाच ओळी: त्रिकोण सुरू कर, हा पहिला बिंदू, हा दुसरा, हा तिसरा, संपव. तेच काम डायरेक्टथ्रीडीत करायचं तर आधी मेमरीत जागा राखायची, बिंदूंची माहिती ठरावीक साच्यात भरायची, आज्ञांची यादी रचायची आणि मग ती सगळी थप्पी ग्राफिक्स कार्डाकडे धाडायची.

या वादाला तीन दशकं होत आली. आजही कॉलेजच्या लॅबमध्ये आणि अॅनिमेशनच्या क्लासमध्ये तो रूप बदलून रंगतो: लिनक्स की विंडोज, थ्रीडीसाठी ब्लेंडर की माया? बहुतेक वेळा गाडी ‘फुकट की विकत’ इथे येऊन अडते. ग्राफिक्सचा इतिहास पाहिला तर मात्र खरा मुद्दा किमतीचा नसून ताब्याचा आहे, हे लक्षात येतं.

मधले थर

१९२० बाय १०८० चा साधा पडदा घ्या. त्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर दर सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एकट्या प्रोसेसरला हा भार झेपत नाही, म्हणून शेकडो-हजारो छोटे गणनघटक एकाच वेळी राबवणारं ग्राफिक्स कार्ड आलं. पण प्रत्येक कार्डाची अंतर्गत भाषा वेगळी. त्यामुळे प्रोग्राम आणि कार्ड यांच्यामध्ये तीन थर बसले: ऑपरेटिंग सिस्टीम, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आणि प्रोग्रामरला आज्ञा देता याव्यात म्हणून ओपनजीएल किंवा डायरेक्टथ्रीडीसारखी ग्राफिक्स लायब्ररी.

डॉसच्या काळात खेळ थेट हार्डवेअरशी बोलत. मध्ये विंडोज आलं तसा वेग घटला आणि खेळ बनवणारे डॉस सोडायला तयार होईनात. त्यांना वळवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आणलं. डायरेक्टथ्रीडी हा त्याचाच पुढचा भाग. ओपनजीएलची कुळकथा वेगळी. सिलिकॉन ग्राफिक्स या महागडे वर्कस्टेशन बनवणाऱ्या कंपनीने १९९२ मध्ये आपली खासगी लायब्ररी सुधारून सर्वांसाठी मानक म्हणून खुली केली. ते सांभाळणाऱ्या मंडळात इंटेल, आयबीएम होत्या, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही होती.

इथे एक गफलत नेहमी होते. ओपनजीएलचे नियम खुले होते, पण ते अमलात आणणारा कोड बहुधा कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये बंदिस्तच राहिला. ही उणीव भरायला ब्रायन पॉल या प्रोग्रामरने १९९३ मध्ये नियमावली समोर ठेवून स्वतःच कोड लिहायला घेतला. त्याचं नाव मेसा. आज लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या कार्डांचे मुक्तस्रोत ड्रायव्हर याच मेसाच्या पायावर उभे आहेत.

मालकाचा वेग, मालकाची मर्जी

व्यापारी बाजूचं श्रेय नाकारून चालणार नाही. २००० मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स ८ ने शेडर आणले. शेडर म्हणजे कार्डावरच चालणारे छोटे प्रोग्राम. पाण्यावरची लहर, धातूची चकाकी हे सारं त्यातून घडतं. निर्णय एका कंपनीचा, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच व्यवस्था झटपट ठरली. ओपनजीएलकडे मात्र प्रत्येक कार्ड कंपनी आपापली जोडणी चिकटवत राहिली आणि शेडरची सामाईक भाषा मूळ मानकात यायला २००४ उजाडलं. मधल्या काळात डायरेक्टथ्रीडी बरंच सुधारलं आणि विंडोजवरचे बहुतेक खेळ तिकडे वळले.

पण एकाच मालकाचा निर्णय उलटाही फिरतो. नव्वदच्या दशकात थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डांचा दबदबा होता. त्यांची ग्लाइड ही लायब्ररी त्यांच्याच कार्डांवर चाले. २००० मध्ये कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि ग्लाइडच्या भरवशावर राहिलेले खेळ उघड्यावर पडले. अॅपलने २०१४ मध्ये स्वतःचं मेटल आणलं आणि २०१८ मध्ये ओपनजीएल आता कालबाह्य, असं जाहीर केलं. मॅकसाठी लिहिणाऱ्यांना नव्याने मांडणी करणं भाग पडलं.

मराठी छपाईने हा फटका वेगळ्या रूपात खाल्लाय. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या डीटीपीत प्रत्येक कंपनीच्या फाँटमागचे संकेत वेगळे होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. अशा जुन्या फाइली आजही रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत.

याच्या उलट कहाणी ब्लेंडरची. टॉन रूसेंडाल यांची डच कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचं थ्रीडी सॉफ्टवेअरही गाडलं जाणार होतं. एक लाख युरो दिल्यास कोड खुला करू, असं गुंतवणूकदारांनी मान्य केलं. वापरणाऱ्यांनी ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली आणि ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर मुक्तस्रोत झालं. कंपनी गेली, साधन वाचलं. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर जिंकणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियन अॅनिमेशनपट याच ब्लेंडरमध्ये बनला.

सीमारेषा पुसट होताना

२०१६ मध्ये ओपनजीएलचा वारस म्हणून व्हल्कन हे खुलं मानक आलं. गंमत म्हणजे त्यात तोच एक त्रिकोण काढायला शेकडो ओळी लागतात. कारमॅकच्या पाच ओळींत प्रत्येक बिंदू स्वतंत्र आज्ञेने जात असे आणि मेमरी कुठे राखायची, कामांचा क्रम काय, याचे अंदाज ड्रायव्हर बांधत असे. त्रिकोणांची संख्या लाखांत गेल्यावर ही सोयच गळफास ठरली. कार्ड मोकळं आणि प्रोसेसर मात्र आज्ञा पोहोचवून दमलेला. व्हल्कनने ते सगळे निर्णय प्रोग्रामरच्या हाती दिले. लिहायला कष्ट वाढले, पण वेगावरचा ताबा मिळाला.

खुलं आणि व्यापारी यांतली सीमारेषाही इथे पुसट होते: हे व्हल्कन एएमडी या व्यापारी कंपनीच्या मँटल या लायब्ररीवर आधारलेलं आहे. व्हल्कनच्या आधारे व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. ते डायरेक्टथ्रीडीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलून विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवतं. स्टीम डेक हे हातातलं खेळयंत्र असंच चालतं: खेळ विकतचे, दुकान कंपनीचं, मधला थर खुला. हॉलिवूडच्या मोठ्या व्हीएफएक्स स्टुडिओंमध्ये माया, हौदिनी, न्यूक ही महागडी सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात. ब्लेंडरच्या विकासनिधीत २०२१ पासून अॅपलचाही पैसा आहे. अनेक वर्षं ड्रायव्हर कुलूपबंद ठेवल्याबद्दल लिनक्सकर्ता लिनस टोरवाल्ड्सच्या जाहीर शिव्या खाणाऱ्या एनव्हिडियानेही २०२२ मध्ये लिनक्स ड्रायव्हरचा कर्नेलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याशी, जोडलेला भाग खुला केला. वरची लायब्ररी मात्र अजून बंदच आहे.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. फोटोशॉपची लिनक्स आवृत्ती नाही. काही ऑनलाइन खेळांची फसवणूकरोधक यंत्रणा लिनक्सला दारातही उभं करत नाही. ज्याचं पोट अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्याला तत्त्वाचे डोस पाजण्यात अर्थ नाही.

म्हणून निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. माझी फाइल दुसऱ्या साधनात उघडते का? कंपनी उद्या बंद झाली तर कोड कुणाच्या हातात राहील? आणि मी शिकतोय ती सदिश-सारणींची (व्हेक्टर-मॅट्रिक्सची) मूळ विद्या आहे की एका कंपनीची बटणं? शिकणाऱ्यांनी सुरुवात खुल्या साधनांनी करावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. कमावत्यांनी गिऱ्हाईक मागेल ते सॉफ्टवेअर खुशाल विकत घ्यावं. फक्त प्रत्येक कामाची एक प्रत पीएनजी, एसव्हीजी किंवा जीएलटीएफ अशा खुल्या स्वरूपात आजच बाजूला ठेवावी.