पिशवी काढण्याआधी कारण शोधा

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून महाडला दवाखान्यात यायचं, तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून जास्त अंगावरून जाणंही बायका अंगावरच काढतात. पाळी ८ दिवसांहून लांबली, २४ दिवसांच्या आत परत आली किंवा मधेच रक्त गेलं, तर तपासणी हवीच.

सुरुवात सोपी असते : गरोदरपणाची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉईड. सोनोग्राफीत गाठी आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी दिसते. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा छोटा तुकडा तपासतात. शंका उरली तर दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहतात. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर एकदाच दिसलं तरी दाखवावं.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. जास्त रक्त जातं म्हणून कोणी ही शस्त्रक्रिया सुचवली, तर आधी विचारा : कारण काय निघालं?