पाहुणे युरोपचे, लीग घरची

2 ऑगस्ट 2014. मिशिगन स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांचा मैत्रीपूर्ण सामना बघायला 1,09,318 प्रेक्षक लोटले. अमेरिकेत फुटबॉलला, म्हणजे तिथल्या सॉकरला, एवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती.

चारच दिवसांनी पोर्टलंडमध्ये मेजर लीग सॉकर (एमएलएस) या अमेरिकेतल्या घरच्या लीगच्या निवडक संघाने बायर्न म्युनिकला 2-1 हरवलं. लेवांडोवस्कीने बायर्नला आघाडी मिळवून दिली होती. ब्रॅडली राइट-फिलिप्सने बरोबरी साधली आणि विजयी गोल लँडन डोनोवनचा! घरच्या लीगच्या चाहत्यांना हर्ष झाला नसता तरच नवल. पण बायर्नचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, एमएलएसचा ऐन रंगात आला होता. तुलनेत हाच मुद्दा निसटतो.

खरा कस लागला 2025 च्या क्लब विश्वचषकात. अटलांटात मेस्सीच्या फ्री किकवर एमएलएसच्या इंटर मायामीने पोर्टोला 2-1 नमवलं. दहा दिवसांनी त्याच मैदानावर पीएसजीने मायामीचा 4-0 धुव्वा उडवला, तोही चारही गोल मध्यंतराआधीच करून.