परदेशी पार्सल आणि जकातीचा प्रश्न

कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे थैले घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जुहूच्या ज्या मैदानावर उतरले, ते वर्सोव्याच्या शेजारचेच; आणि आज यारी रोडवरच्या किंवा सात बंगल्याच्या एखाद्या सदनिकेतून फराळ, साड्या वा दागिने ऑनलाइन विकणाऱ्या गृहोद्योगाला सहारचे मालवाहतूक संकुलही फारसे दूर नाही. विमान मिळणे ही आता अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती परमुलखातील जकातीची, आणि त्याहूनही अधिक, जकातीआधी सादर करावयाच्या तपशिलाची.

फराळाचाच मामला घ्या. टपालाने जाणाऱ्या डब्यावर सीएन २२ किंवा सीएन २३ हे सीमाशुल्काचे घोषणापत्र लागते, आणि त्यात मोघम ‘खाद्यपदार्थ’ एवढे लिहून सुटका होत नाही. ‘तांदळाच्या भाजणीची चकली, ५०० ग्रॅम’ असे जिन्नसवार वर्णन आणि खरी किंमत नमूद करावी लागते. दुग्धजन्य पदार्थांना युरोपीय संघाचे दरवाजे सहसा बंद असल्याने तिकडच्या डब्यातून पेढे वगळणेच इष्ट. कुरिअरने पाठवावे, तर वजनाचा न्याय निराळा : ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ३६,०००, त्याला प्रचलित रीतीने ५,००० ने भागले की ७.२ किलो, आणि आत चार किलोच चिवडा असला तरी भाडे आकारले जाते ते या ७.२ किलोंचे. चिवड्यासारखा हलका जिन्नस विमानास इतका जड व्हावा, ही हिशेबाची गंमतच म्हणायची!

परंतु खरा प्रश्न आहे तो जकात कोणी आणि केव्हा भरावी, हा. पूर्वी लहान पार्सलांना पुष्कळ ठिकाणी माफी असे. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ पासून रद्द केली, आणि १५० युरोंपर्यंतच्या मालावरील मूल्यवर्धित कर विक्रीच्या वेळीच वसूल करून भरण्याची सोय विक्रेत्यांना दिली. अमेरिकेने ८०० डॉलरांपर्यंतची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठविली, तेव्हा शुल्क कोणी गोळा करावे याचाच खुलासा नसल्याने भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले घेणे स्थगित केले. आणि शुल्क आगाऊ भरण्याची व्यवस्था होऊन ती सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी अगदी दाराशी येऊन ठेपली असताना. त्या मधल्या सात आठवड्यांत ज्यांचा सारा धंदा अमेरिकेतील मराठी घरांवर विसंबून होता, त्यांना महागड्या कुरिअरचा आश्रय घेणे किंवा मागणी नाकारणे, एवढेच पर्याय उरले.

शुल्क ग्राहकाने दारात भरावे, ही रीत विक्रेत्याला सोयीची वाटते खरी; पण अनपेक्षित रकमेची मागणी झाली की ग्राहक पार्सल नाकारतो, आणि परतीचे भाडे पुष्कळदा मालाच्या किमतीहून अधिक भरते. म्हणून वर्सोव्यातून नव्या देशात व्यापार नेऊ पाहणाऱ्या उद्योजकाने जाहिरातीवर एक पैसा खर्च करण्यापूर्वी त्या देशाची जकात, कर आणि मनाई यांची माहिती मिळवावी, आणि ग्राहकाला दाखवावयाची किंमत हे सर्व धरूनच सांगावी.