डबेवाल्यांची उमेदवारी

डबेवाल्यांकडे कामाला लागलेल्या पोराला कोणी वर्गात बसवत नाही. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातून कुणाच्या तरी ओळखीनं तो मुंबईत येतो, गटाच्या मुकादमापुढे उभा राहतो आणि लगेच एका जुन्या माणसाच्या मागं चालू लागतो. पुढचे सहा महिने उमेदवारीचे.

ही उमेदवारी बघायची तर अकराच्या सुमारास दादर स्टेशन गाठावं. घाटकोपर-मुलुंडकडचे डबे मध्य रेल्वेनं येतात, अंधेरी-पार्ल्याचे पश्चिम रेल्वेनं. इथं लाइन बदलायची, म्हणजे क्रेट मोकळे करून डबे पुन्हा लावायचे. उकिडवा बसलेला विशीतला पोरगा एकेक डबा उचलून झाकण बघत होता. शेजारी पिकल्या मिशांचे मुकादम.

“हा कुठला?”

“लोअर परळ.”

“ते आंधळा पण सांगंल. बिल्डिंग सांग. मजला सांग.”

पोरगा अडखळला. मुकादमांनी उत्तर दिलं नाही, डबा फक्त उजेडाकडे वळवला.

झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव नसतं, पत्ता नसतो. मधोमध ठळक आकडा, तो डबा कुठल्या भागात जायचा ते सांगतो. कडेला बारीक अक्षरं नि आकडे: पोचवणारा माणूस कोण, इमारत कुठली, मजला कितवा. रंग आणि खूण यावरून डबा कोणत्या स्टेशनावरून निघाला ते कळतं, कारण रिकामा डबा दुपारी त्याच वाटेनं परत जायचा असतो. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हा धंदा सुरू केला तेव्हापासून त्यात बहुतांशी कमी शिकलेलीच माणसं आली. त्यामुळे खुणा अशा की चारपाच आकडे-अक्षरं ओळखणाऱ्यालाही पुरतील. पोराला त्या पाठ व्हायला फार दिवस लागत नाहीत.

वेळ लागतो तो बाकीच्याला. साठ-सत्तर किलोचा भरलेला क्रेट घेऊन लगेजच्या डब्यात शिरायचं. मोठ्या स्टेशनावर त्यासाठी साधारण ४० सेकंद मिळतात, मधल्या स्टेशनावर जेमतेम २०. “माणसांकडं बघू नको, दाराकडं बघ,” मुकादम मागून सांगत होते. आधी चढलेल्यानं आतून ओढायचं, खालच्यानं रेटायचं, आणि दोघांनी एकाच वेळी.

लोअर परळला उतरल्यावर तिसरा धडा. जिथं गिरण्यांचे भोंगे वाजत तिथं आता काचेच्या इमारती आहेत. कुठल्या गेटावर पहारेकरी अडवतो, मालाची लिफ्ट कोणत्या बाजूला, कोणती जेवणाच्या वेळेला भरून जाते, कुठं जिन्यानंच लवकर पोचतो, यातलं काहीच झाकणावर लिहिलेलं नसतं. ते पायांनीच शिकायचं. एकाच्या आत डबा टेबलावर हवा आणि दुपारी रिकामा डबा उचलायचा. येतानाची वाट जातानाही चालल्यामुळे एकाच दिवसात दोनदा उजळणी होते.

आपली लाइन आली म्हणजे शिकणं संपलं, असंही नाही. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, गिरणगावातल्या जुन्या बदली कामगारासारखी. कुणी आजारी पडला, गावाला गेला, गाडी चुकली, की त्याची लाइन दुसऱ्यानं उचलायची. म्हणून पोराला शेजाऱ्याची लाइनही दाखवतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली. जगभर कौतुक झालं ते मुख्यतः चुका न होण्याचं. मला त्यांच्या नोंदींतली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: सहा महिने झाले की उमेदवार आपल्या अपेक्षित महिन्याच्या कमाईच्या दहापट रक्कम भरून धंद्यात भागीदार होऊ शकतो. मग तो बहुधा जन्मभर त्याच गटात राहतो.

मुकादमांची चिकाटी इथून येते. पोरगा चुकला तर गिऱ्हाईक गटाचं तुटतं, म्हणजे त्यांचंही. तो तयार झाला तर उद्या त्यांच्या आजारपणात त्यांचीच लाइन सांभाळणार.

याच परळ-दादरच्या गल्ल्यांत आता झटपट किराणा पोचवणाऱ्या ॲपची लहान गोदामं उघडली आहेत. तिथं हातातलं यंत्र रॅक सांगतं, स्कॅन केलं की चूक-बरोबर सांगतं. काम लवकर येतं आणि माणूसही लवकर सोडून जातो. सरकारी कौशल्य योजनांत ‘वेअरहाउस पिकर’, ‘पॅकर’ असे रीतसर अभ्यासक्रम आहेत, ते हवेतच. पण शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या टिकण्याशी काही देणंघेणं नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहतं आणि माणूस दुसऱ्या गोदामात जातो.

डबेवाल्यांचंही सगळं आलबेल नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तसा धंदा थांबला, अनेकजण गावी गेले, आणि घरून काम सुरू झाल्यानं गिऱ्हाइकं घटली. भागीदारीला कमाईच नसेल तर तिचं आकर्षणही उरत नाही. तरी गोदाम चालवणाऱ्यांनी या माणसांकडून एक गोष्ट उचलावी: नव्या माणसाला शिकवण्याआधी, तो टिकला तर त्याच्या वाट्याला काय येणार, हे आधी ठरवावं.